तारखेचा पट्टा

पुणे-बंगळूर महामार्ग सातारा शहराला वळसा घालून जातो. त्या रस्त्यालगतच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बसून कोणता हंगाम चालू आहे ते कॅलेंडर न बघता सांगता येतं. कारखान्यांचे बॉयलर पेटले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. अंधारात त्यांच्यावर मागून आदळलेले दुचाकीवाले, त्यांना चुकवताना करकचून ब्रेक मारलेल्या गाड्यांमधले लोक नोव्हेंबरपासून यायला लागतात. लग्नसराईत वऱ्हाडाच्या जीपगाड्या. मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली आणि टोलनाक्याच्या रांगेत मागच्या गाडीने ठोकलेली कुटुंबं. पावसाळ्यात खंबाटकी घाट. आणि बारा महिने गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे चांगला पसरट. आमच्याकडे एखादा अपघात झाला की रातोरात डांबराचा वरवंटा आडवा पडतो, त्याला पांढरे पट्टेही नसतात. त्यावरून दुचाकी गेली की मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईची मान आधी मागे जाते आणि मग पुढे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. 'मागून धडक' हा या अपघातांमधला सर्वांत मोठा प्रकार. पेपरात मृतांचा आकडा येतो, जखमींचा शेवटच्या ओळीत. या जखमींची कागदावर दोनच खाती असतात, गंभीर आणि किरकोळ. हाड मोडलं किंवा निखळलं तर गंभीर. खरं तर कायद्यात आणखी एक कलम आहे. ज्या दुखापतीमुळे माणूस ठरावीक दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपली रोजची कामं करू शकत नाही, तीही गंभीरच. जुन्या दंडसंहितेत ते दिवस २० होते, नव्या भारतीय न्याय संहितेत १५ आहेत. पण कागद लिहिला जातो अपघाताच्या दिवशी, आणि त्या दिवशी मान दुखणारा माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. तो 'किरकोळ'मध्ये जातो आणि तिथेच राहतो. माझा बहुतेक वेळ या किरकोळ माणसांबरोबर जातो.

मानेच्या इजेचं दुसरं टोकही मी पाहते. ते भयंकर आहे आणि सगळ्यांना कळतं. मानेत सात मणके असतात, त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. मणका मोडून किंवा सरकून तो चेपला, तर तिथून खालचं शरीर हाताबाहेर जातं. श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसा तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात, त्यामुळे त्याच्याही वर इजा झाली तर श्वाससुद्धा यंत्रावर जातो. असे रुग्ण पुण्याला नेतात, शस्त्रक्रिया होते, काही महिन्यांनी ते गावी परततात आणि मग मी त्यांच्या घरी जाऊ लागते. कोरेगाव तालुक्यातल्या एका घरात ओसरीवरच्या कॉटवर पंचविशीतला मुलगा असतो. दुचाकी घसरून पडला होता. त्याची बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं, आणि मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात. त्या मिटण्यालाच आम्ही पकड म्हणून तयार केलं. आता तो तिने चमचा धरतो, मोबाइल धरतो. आई दर दोन तासांनी त्याची कूस बदलते, रात्रीसुद्धा. माकडहाडापाशी एकदा जखम पडली तर ती भरायला महिने जातात, हे तिला आता कोणी सांगावं लागत नाही.

त्याला रस्त्यावरून उचललं तेव्हा दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि पिकअपच्या हौद्यात ठेवलं. मान लोंबत होती, असं उचलणाऱ्यांपैकीच एकाने मला सांगितलं. मज्जारज्जू पडतानाच चेपला होता की उचलताना, याचं उत्तर आता कोणाकडे नाही. त्या चौघांचं मन चांगलंच होतं. म्हणून महामार्गालगतच्या ढाब्यांवर, कॉलेजांत, तरुण मंडळांत जिथे कोणी बोलू देईल तिथे मी एवढंच सांगत असते. १०८ ला फोन लावा. आग किंवा अंगावर येणारी वाहनं असा धोका नसेल तर माणसाला हलवू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही तळव्यांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं. हेल्मेट ओढून काढायचं नाही. वळवावंच लागलं तर चौघा-पाचजणांनी एका बोलावर, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून वळवायचं. मदत केली म्हणून पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती अजून आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलंय.

माझे रोजचे रुग्ण मात्र दवाखान्याची पायरी स्वतः चढून येतात. एक्स-रे स्वच्छ असतो. त्यांना झालेली इजा व्हिप्लॅश म्हणून ओळखली जाते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नेमलेल्या गटाने १९९५ मध्ये तिच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही जगभर वापरतात. नुसती दुखरी, ताठ मान ही पहिली पायरी. हालचाल कमी आणि बोट लावलं की दुखतं ही दुसरी. हातात मुंग्या, ताकद कमी, म्हणजे नसेवर परिणाम, ही तिसरी. हाड मोडलं तर चौथी. माझ्याकडची गर्दी पहिल्या दोन पायऱ्यांवरची.

मागून धडक बसते तेव्हा नेमकं काय होतं हे मी रुग्णाला पहिल्याच भेटीत मणक्यांचं मॉडेल हातात देऊन दाखवते. सीट पाठीला पुढे ढकलते. डोकं, साधारण साडेचार-पाच किलोचं, आहे तिथेच राहू पाहतं. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मानेला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक येतो. वरचे मणके पुढे वाकतात आणि त्याच क्षणी खालचे मागे. अशी हालचाल मान रोजच्या जगण्यात कधीच करत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने असलेले छोटे सांधे या झटक्यात चिमटले जातात, त्यांची आवरणं ताणली जातात. स्नायू सावरायला धावतात, पण त्यांना जागं व्हायलाच तेवढा वेळ लागतो. हे सगळं एवढं बारीक असतं की एक्स-रेत दिसत नाही, बहुतेकदा एमआरआयतही नाही. त्या दिवशी फारसं दुखतही नाही. माणूस समोरच्याशी भांडतो, बंपरचे फोटो काढतो, घरी जाऊन जेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलायला हाताचा आधार घेतो.

मग सुरू होतात उपाय. मिठाने शेकणं, उसण उतरवणं, मेडिकलमधून आणलेला मलम. काहीजण सलूनमध्ये जातात, कारण दाढीनंतर न्हावी कडकन मान मोडून देतो आणि बरं वाटतं. अपघातानंतर हे अजिबात करू नये. मानेत काय ढिलं झालंय याची कोणी तपासणी केलेली नसते. पुष्कळजण गळ्यात पट्टा घालून येतात. कॉलरला इकडे सगळे पट्टाच म्हणतात. तो शेजारच्या घरातून आलेला असतो, त्यांच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी वापरलेला.

मी आधी धोक्याची लक्षणं बघते. वय पासष्टच्या वर, जोरात आदळलेला किंवा उंचावरून पडलेला, हातापायांत मुंग्या, मान दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशही वळत नाही, असं काही असेल तर फोटो काढल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं नसेल तर पहिला सल्ला ऐकून लोकांना माझ्या शिक्षणाविषयी शंका येते. पट्टा काढा आणि मान हलवा. दुखेल तिथपर्यंत, हळू, पण दिवसातून अनेकदा. मऊ पट्ट्यात मान बांधून बसणाऱ्यांपेक्षा लवकर हालचाल सुरू करणाऱ्यांची मान चांगली सुटते, हे अनेक अभ्यासांत दिसून आलेलं आहे. पण अपघात झालाय आणि मॅडम पट्टा काढायला सांगतात, हे घरच्यांना पटत नाही. पट्टा असला की दुखणं निदान दिसतं तरी. या एका कारणाने लोक पट्टा किती दिवस वापरतात हे पाहिलं, आणि मानेच्या दुखण्याबद्दल माझं जे काही मत झालं आहे त्याची सुरुवात तिथून झाली.

व्हिप्लॅशच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना एक वर्षानंतरही काही ना काही त्रास असतो. मान दुखते, डोक्याच्या मागून कळ कपाळात येते, चक्कर येते, कानात आवाज होतो, वाचताना ओळ निसटते, झोप तुटते. कोणाचं दुखणं टिकेल याचा अंदाज गाडी किती चेपली यावरून बांधता येत नाही. सुरुवातीला किती तीव्र दुखत होतं आणि अपघाताची धास्ती मनात किती बसली आहे, यावरून तो जास्त बांधता येतो. आपण बरे होणार नाही असं ज्याला पहिल्या आठवड्यातच वाटू लागतं, तो खरोखरच उशिरा बरा होतो.

टिकलेल्या दुखण्याचा अर्थ माणसाच्या कामावर ठरतो. पाटण तालुक्यातली एक बाई, नवऱ्याच्या दुचाकीवर मागे बसलेली, जीपने मागून उडवली. बरगड्या आणि गुडघा महिन्या-दीड महिन्यात भरले. मान राहिली. तिचं रोजचं काम म्हणजे डोंगरातून वैरणीचा भारा डोक्यावर आणणं. भारा डोक्यावर चढवला की मानेत कळ आणि डोळ्यांपुढे अंधारी. शिवाय वेणी घालायला हात वर होत नव्हते, म्हशीच्या धारेला बसलं की मान खाली झुकलेली राहायची आणि उठताना तोल जायचा. भारा आता सासूला आणावा लागत होता. सासूबाई एकदा बरोबर आल्या आणि सुनेच्या देखतच म्हणाल्या, "आमी काय कवा पडलो न्हाय व्हय? दोन दिस शेकलं की उठून कामाला. हिचं वरीस झालं तरी मान मान मान." सून काही बोलली नाही. ती बोलत नाही हे मला आधीपासून जाणवलं होतं. तिला कुठे दुखतं हे विचारलं तरी ती आधी नवऱ्याकडे बघायची.

त्या दिवशी मी सासूबाईंना थांबवून घेतलं. आमच्याकडे एक साधी तपासणी असते. डोक्याला पट्ट्याने एक छोटा लेसर दिवा बांधायचा. भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर रुग्णाला बसवायचं. समोर कागदावर गोल, मधोमध ठिपका. लाल बिंदू ठिपक्यावर आला की डोळे मिटायचे, मान एका बाजूला वळवायची आणि पुन्हा जिथून निघालो तिथे आणायची. आपलं डोकं कुठे आहे हे मेंदूला सांगणारे बारीक संवेदक मानेच्या स्नायूंत, विशेषतः कवटीखालच्या छोट्या स्नायूंत, खच्चून भरलेले असतात. ते बिघडले की डोळे मिटल्यावर माणसाला आपली मान सरळ कुठे आहे तेच कळत नाही. बिंदू ठिपक्यापासून सातेक सेंटिमीटरपेक्षा लांब पडू लागला की ते बिघडलेलं समजायचं. सूनबाईंचा बिंदू कागदाच्याच बाहेर गेला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ठाम भाव, आणि बिंदू भिंतीवरच्या खिळ्यापाशी. "आली का मधोमध?" तिने विचारलं. सासूबाईंनी तो बिंदू पाहिला. मग म्हणाल्या, "मला बांधा ते." त्यांना बांधलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या त्या बाईने जन्मभर डोक्यावर भारे वाहिलेले, बिंदू ठिपक्याला चिकटून आला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या खेपेपासून व्यायामाचा कागद त्यांच्या पिशवीतून निघू लागला.

हा किस्सा मी लेसरची महती सांगायला लिहीत नाही. व्यायाम तोच होता. उताणं झोपायचं, मानेखाली हवेची छोटी पिशवी, तिला जोडलेला काटा २० वर. हनुवटी किंचित आत घेऊन तो २२ वर न्यायचा, दहा सेकंद धरायचा, मग २४, असं करत ३० पर्यंत. मानेच्या आतले खोल स्नायू अपघातानंतर काम टाकून बसतात आणि बाहेरचे जाड स्नायू त्यांचं ओझं वाहून थकतात. खोल स्नायूंना पुन्हा कामावर आणायला वेळ लागतो, दुसरी जादू नाही. हे सगळं ती आधीही करत होती. आता मात्र घरात तिला कोणी रोज आपलं दुखणं पटवून द्यायला लावत नव्हतं. काही महिन्यांनी ती अर्धा भारा आणू लागली. पूर्ण भारा ती आजही आणत नाही, आणि घरात त्यावरून भांडण होत नाही.

दुखणं दाखवण्यासाठी लोक एमआरआयवर फार भिस्त ठेवतात. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय", ही वाक्यं घेऊन माणसं येतात आणि त्यांत एक सुटकाही असते, आता तरी घरचे मानतील. पण जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले, २०१५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी कुठे ना कुठे फुगलेली निघाली. विशी-तिशीतल्यांचीही. म्हणजे एमआरआयमध्ये दिसतं ते दुखत असेलच असं नाही, आणि दुखतं ते दिसेलच असं नाही. हे मी समजावते तेव्हा रुग्णाचा चेहरा उतरतो. हाताला लागलेला पुरावाच मी काढून घेते की काय, असं त्याला वाटतं.

पुराव्याची खरी परीक्षा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होते. भाजीचा टेम्पो चालवणारा एक चाळिशीतला माणूस माझ्याकडे होता. उभ्या टेम्पोला मागून ट्रकची धडक. हाड मोडलं नव्हतं. निरोगी मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. त्याची उजवीकडे जेमतेम पंचेचाळीस वळायची. मार्केट यार्डात रिव्हर्स घेताना मागे बघता येईना, दोनदा हातगाडीला टेम्पो लागता लागता राहिला. त्याने स्वतःच स्टीअरिंग सोडलं. टेम्पो भाच्याकडे दिला आणि हा हमालांचा हिशेब लिहायला बसू लागला. दावा दाखल झाला. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारी एक आकडी आली.

उपचार करणारी म्हणून मला साक्षीला बोलावलं. विमा कंपनीच्या वकिलांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "एक्स-रेमध्ये काही नाही, बरोबर?" बरोबर. "म्हणजे दुखतं हे तुम्हाला रुग्णाने सांगितलं म्हणून कळलं?" हो. "आणि मान किती वळवायची हेही रुग्णाच्याच हातात?" एका अर्थाने, हो. त्यांनी एकही चुकीचा प्रश्न विचारला नाही. बाहेर व्हरांड्यात माझा रुग्ण बाकावर बसला होता, गळ्यात पट्टा घालून. दवाखान्यात त्याचा पट्टा केव्हाच सुटला होता. मी बघतच राहिले. तो ओशाळून म्हणाला, "तारीख होती ना मॅडम." कोर्टाच्या आवारात घुटमळणाऱ्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं की केस मिटेपर्यंत बरा होऊ नकोस.

हे वाक्य मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं. म्हणणाऱ्याला ते व्यवहारज्ञान वाटतं. मला मात्र तो रोगाचाच भाग वाटतो. तारखा वर्षानुवर्षं पडतात. तेवढी वर्षं तो माणूस दर तारखेच्या आधी आपल्या मानेकडे लक्ष लावून बसतो. दुखतंय ना अजून? किती दुखतंय? हे लक्ष लावून बसणं खोटं नसतं. दुखऱ्या भागावर सतत पहारा ठेवला की मेंदू त्या भागातून येणारा प्रत्येक निरोप मोठा करून ऐकतो. अतिशयोक्ती करणारे मला भेटतात, नाही असं नाही. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक माणसं अशी की ज्यांचं दुखणं खरं असतं, आणि ते पटवून देण्याच्या सवयीनेच ते लांबतं.

या बाबतीत जगात दोन बाजूंचे अभ्यास आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक ते एकमेकांवर फेकतात. लिथुआनियात १९९६ साली असं दिसलं की जिथे फारसा कोणाचा विमाच नव्हता तिथे मागून धडक बसलेल्यांची मान एक ते तीन वर्षांनी इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती. या अभ्यासावर टीकाही पुष्कळ झाली. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताने १९९५ मध्ये कायदा बदलला. चूक कोणाची हे न बघता उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च द्यायचा, पण यातनांबद्दलची वेगळी भरपाई बंद. त्यानंतर व्हिप्लॅशचे दावे कमी झाले आणि प्रकरणं लवकर मिटू लागली. यावरून काहीजण म्हणतात, बघा, सगळा पैशाचा खेळ.

त्याच काळात ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी काय केलं ते ही मंडळी सांगत नाहीत. त्यांनी जुनाट व्हिप्लॅशच्या रुग्णांच्या मानेतल्या त्या छोट्या सांध्यांच्या नसा औषधाने बधिर करून पाहिल्या. कोणतं औषध टोचलंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सुमारे निम्म्यांचं दुखणं या सांध्यांतूनच येतं असं निघालं. मग सुईच्या टोकाची उष्णता देऊन त्याच नसा निकामी केल्या, आणि ज्यांना खरा उपचार मिळाला त्यांना महिनोन्महिने आराम पडला. पुढे १९९७ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्यांचं दुखणं पूर्ण गेलं, त्यांची चिंता, चिडचिड, खचलेपणही त्याबरोबर गेलं. मनाचा कोणताही वेगळा उपचार न करता. ज्याला आपण 'मनाचं आहे' म्हणून बाजूला सारतो, ते पुष्कळदा सांध्याच्या मागोमाग आलेलं असतं.

मला या दोन बाजूंचे अभ्यास एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. इजा सांध्यात होते. ती किती काळ घर करून राहते, हे भोवतालच्या माणसांवर आणि कागदांवरही अवलंबून असतं. सासूने रोज शंका घेतली काय आणि वकिलाने वर्षातून दोनदा घेतली काय, मानेला दोन्हीकडे एकच काम पडतं, हजर राहून साक्ष देण्याचं. ते काम तिच्याकडून काढून घेतलं पाहिजे, असं मला वाटू लागलं.

टेम्पोवाल्याच्या प्रकरणात मदतीला आला तो सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे, हे त्यात स्पष्ट केलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ संपते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र राहू शकते, असं उदाहरणही त्यात दिलंय. म्हणजे न्यायालयाला प्रश्न विचारायचा आहे तो हा की हा माणूस आधी काय करत होता आणि आता काय करू शकत नाही. त्याच्या वकिलांनी फेरतपासणीत माझ्या नोंदवहीतले मानेचे अंश आणि तारखा वाचून घेतल्या. पहिल्या आठवड्यापासून दर भेटीची मोजणी तिथे होती, रिव्हर्स घेता येत नाही ही नोंदही. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल मी सांगू शकत नाही, पण त्यानंतरच्या तारखेला तो पट्ट्याशिवाय गेला. मान आता उजवीकडे साठ अंशांपर्यंत येते. लहान मुलासारखा तो मला ती वळवून दाखवतो, आणि मग घाबरून विचारतो, "हे लिहिणार का तुम्ही?" लिहिणार. बिघडलेलं लिहिलं तसं सुधारलेलंही लिहिणार, तरच आधीचं खरं मानलं जाईल.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यातला पहिल्या भेटीचा फॉर्म बदलला आहे. दुखणं दहापैकी किती हा प्रश्न अजून आहे, पण खालच्या बाजूला. वरती कामं. भारा, हंडा, वेणी, धार, रिव्हर्स, फळ्यावर लिहिणं, शिवणयंत्र, पारायणाला मान खाली घालून बसणं. कोणतं जमतं, कोणतं अर्धं, कोणतं नाही. पंधराव्या दिवसानंतर पुन्हा एकदा, कारण कायद्यात त्या दिवसाला अर्थ आहे आणि पहिल्या दिवशीच्या कागदात तो दिवस कधीच नसतो. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीला घरातलं एक माणूस बरोबर हवं, शक्यतो ज्याच्यावर रुग्णाचं काम पडलंय ते. त्याला मॉडेल हाताळू देते, लेसर बांधते. जाताना चारचाकीवाल्यांना हेडरेस्ट वर करायला सांगते. वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी आणि डोकं त्याच्या शक्य तेवढं जवळ. बहुतेक गाड्यांत ती खाली दाबलेली असते, वर टॉवेल घातलेला. स्वीडनच्या गाडी कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागून धडक बसली की डोक्याला लगेच आधार देणाऱ्या सीट बाजारात आणल्या. आपल्याकडे आधीच असलेली हेडरेस्ट चार बोटं वर करायला पैसेही लागत नाहीत.

हा फॉर्म भरायला वेळ लागतो, बाहेर रांग वाढते, लोक कुरकुर करतात. पण पुरावा सांभाळण्याचं काम दवाखान्याने पहिल्या दिवसापासून घेतलं, तर रुग्णाला ते आपल्या मानेकडून करून घ्यावं लागत नाही. ऊसतोड पुन्हा सुरू होईल, ट्रॉल्यांचे दिवे तसेच राहतील. तोवर कोऱ्या फॉर्मचा नवा गठ्ठा छापून आणायचा आहे.